केळीच्या हिशेबाची बेरीज अडली तर

दापोरा, जि. बऱ्हाणपूर. माल केळी, माप क्विंटल, वही एक्सेलची

• बेरीज कमी भरते: वजनाच्या चौकटीत ‘१२ क्विंटल’ लिहिले की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. ‘सम’ सूत्र त्याला मुकाट्याने वगळते, चूकही दाखवत नाही. (अधिक चिन्हाने जोडल्यास निदान ‘व्हॅल्यू’ त्रुटी तरी येते.) खूण: एरवी मजकूर डावीकडे सरकतो, आकडा उजवीकडे. एकक रकान्याच्या शीर्षकात लिहावे.

• आकडे बदलले, उत्तर जुनेच: गणना ‘मॅन्युअल’वर आहे. एफ-९ दाबा किंवा ‘फॉर्म्युलाज’मध्ये ‘ऑटोमॅटिक’ निवडा. ही सेटिंग आधी उघडलेल्या दुसऱ्या फाइलकडूनही येते.

• उत्तराऐवजी सूत्रच दिसते: चौकट ‘टेक्स्ट’ प्रकारची आहे. ‘जनरल’ करून सूत्र पुन्हा एंटर करा.

• सूत्रात स्वतःचीच चौकट: चक्राकार संदर्भ, उत्तर बहुधा ०.