घरातील जलाशय : हौस, हिशोब आणि जबाबदारी

सोलापूरकराला पाण्याचे मोल वेगळे शिकवावे लागत नाही. शहराच्या मध्यभागी सिद्धेश्वराचे तळे आहे, वेशीबाहेर हिप्परग्याचा तलाव आहे, दूर भीमेवर उजनीचे विशाल धरण आहे. तरीही नळाला रोज पाणी येईल याची शाश्वती नाही. अशा शहरात नवे घर बांधताना दिवाणखान्यात भिंतभर लांबीचे मत्स्यालय असावे, अशी इच्छा घरातील तरुण पिढीने बोलून दाखवली, तर वडीलधाऱ्यांच्या मनात एकाच वेळी दोन विचार येतात. पहिला खर्चाचा, दुसरा जीवांचा. दोन्ही विचार रास्त आहेत. मात्र या दोहोंच्या मध्ये आणखी एक हिशोब असतो, तो वजनाचा, दाबाचा आणि सांध्यांचा. तो मांडल्याशिवाय होकार देऊ नये आणि नकारही देऊ नये.

काच की अ‍ॅक्रिलिक?

लहान मत्स्यालयासाठी काच उत्तम आणि स्वस्त. आकार वाढू लागला की अ‍ॅक्रिलिकचा विचार पुढे येतो. १९३३ मध्ये जर्मनीत ‘प्लेक्सिग्लास’ या नावाने बाजारात आलेला हा पारदर्शक पदार्थ काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचा असतो. आघात तो काचेपेक्षा कितीतरी अधिक सोसतो आणि सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार जाऊ देतो. त्याला हवा तसा बाक देता येतो, सांधे जवळजवळ अदृश्य करता येतात. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये ते पुन्हा खुले झाले, तेव्हा बारा फुटांचा अर्धगोल अ‍ॅक्रिलिक बोगदा हे त्याचे प्रमुख आकर्षण होते. डोक्यावरून मासे जात आहेत, असे दृश्य साध्या काचेने साधले नसते.

या गुणांबरोबर दोषही येतात. अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे लवकर उठतात. घासणीत अडकलेला वाळूचा एक कण पुरेसा होतो. स्पिरिट किंवा अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रावण लावले, तर त्यावर बारीक तडांचे जाळे पडते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते काचेपेक्षा पुष्कळ लवचीक असते. त्यामुळे पाण्याच्या दाबाने भिंती बाहेर फुगतात. म्हणून अशा टाकीला वरच्या बाजूने चहूबाजूंनी रुंद पट्टी जोडावी लागते. ही पट्टी शोभेसाठी नसते. तिच्यामुळे भिंती जागेवर राहतात.

खातेवही उघडावी

उदाहरणादाखल २४० सेंटीमीटर लांब, ७५ सेंटीमीटर रुंद आणि ७५ सेंटीमीटर उंच टाकी घेऊ. काठोकाठ भरली तर तिच्यात १,३५० लिटर पाणी मावते. त्या पाण्याचेच वजन १,३५० किलो. २५ मिलिमीटर जाडीचे पत्रे धरले, तर अ‍ॅक्रिलिकचे सुमारे दोनशे किलो. वाळू, दगड आणि खालचा सांगाडा मिळून एकूण भार पावणेदोन टनांच्या आसपास जातो. हा भार जेमतेम १.८ चौरस मीटर जागेवर उभा राहतो. भारतीय मानकांनुसार राहत्या खोलीची जमीन साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो वापराच्या भारासाठी आखली जाते. येथे तो आकडा जवळजवळ पाचपट होतो.

सोलापुरात अनेक व्यापारी कुटुंबांची रचना ‘खाली दुकान, वर घर’ अशी आहे. जुन्या पेठेत अजून माळवदाची घरे आहेत. अशा वरच्या मजल्यावर एवढी टाकी ठेवण्याचा विचारही करू नये. सिमेंटच्या इमारतीतही संरचना अभियंत्याच्या लेखी सल्ल्याशिवाय तळमजला सोडू नये. एका रात्रीत सांधा सुटला, तर खालच्या कापडाच्या गठ्ठ्यांचे काय होईल, हे व्यापाऱ्याला निराळे सांगायला नको.

दाबाचा हिशोब त्याहून बोलका आहे. पाण्याचा दाब टाकीच्या लांबीवर अवलंबून नसतो, तो केवळ खोलीवर अवलंबून असतो. वरील टाकीच्या एकट्या दर्शनी भिंतीवर सुमारे ६७५ किलो वजनाइतका एकूण रेटा अखंड पडत राहतो. लांबी दुप्पट केली तर हा रेटा दुप्पट होतो. उंची दुप्पट केली तर तो चौपट होतो. म्हणून जागा हवीच असेल तर लांबी-रुंदी वाढवावी, उंचीचा मोह टाळावा. माशांनाही उभ्या उंचीपेक्षा पोहण्यासाठी आडवी जागा अधिक उपयोगी पडते. पत्र्याची अंतिम जाडी मात्र अशा टाक्या प्रत्यक्ष बांधलेल्या जाणकाराकडूनच ठरवून घ्यावी.

सांधा आणि सोलापूरचे ऊन

अ‍ॅक्रिलिकचे पत्रे दोन पद्धतींनी तयार होतात. यंत्रातून रेटून काढलेला पत्रा स्वस्त असतो. साच्यात ओतून घडवलेला पत्रा महाग पडतो. मोठ्या टाकीसाठी ओतीव पत्राच घ्यावा, कारण त्यात अंतर्गत ताण कमी असतो आणि सांधा अधिक विश्वासार्ह बसतो. कडा करवतीने कापून तशाच जोडू नयेत. राउटरने त्या सरळ व गुळगुळीत करून घ्याव्यात.

जोडणीसाठी नेहमीचा डिंक चालत नाही. द्रावक दोन्ही कडांचा पृष्ठभाग किंचित विरघळवतो आणि ते एकमेकांत मिसळून एकजीव होतात. सांध्यात बारीक तारा ठेवून किंचित फट राखतात, सुईच्या बाटलीने द्रावक सोडतात, काही क्षण थांबून तारा ओढून घेतात आणि वरच्या पत्र्याचे वजन सांधा दाबून बसवते. हे वाचायला सोपे वाटते. पण सांध्यात राहिलेला हवेचा एक बुडबुडाही पुढे दुबळी जागा ठरू शकतो. फार जाड पत्र्यांसाठी दोन घटक मिसळून घट्ट होणारे चिकटद्रव्य वापरतात.

येथेच सोलापूरच्या हवामानाचा संबंध येतो. या कामात सर्रास वापरला जाणारा मेथिलीन क्लोराइड हा द्रावक सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळतो. एप्रिल-मे महिन्यांत येथील दुपारचे तापमान अनेकदा त्यापुढे जाते. अशा वेळी द्रावक कडेत मुरण्याआधीच उडून जातो आणि वरून निर्दोष दिसणारा सांधा आतून कोरडा राहतो. त्याची वाफ श्वासालाही घातक असते. म्हणून हे काम हिवाळ्यात, मोकळ्या हवेत आणि योग्य मुखरक्षक लावूनच करावे.

पूर्ण झालेली टाकी सपाट, एकसंध फळीवर सर्व बाजूंनी टेकलेली असावी. पहिली चाचणी अंगणात घ्यावी. पाव टाकी भरून थांबावे, मग अर्धी, मग पाऊण, मग पूर्ण. आणि पूर्ण भरल्यावर निदान आठवडाभर पाहावे. चाचणीचे पाणी झाडांना घालता येते, ते वाया जात नाही.

बर्लिनचा धडा

एवढी खबरदारी कशासाठी, असा प्रश्न पडल्यास बर्लिनकडे पाहावे. तेथील एका हॉटेलच्या दालनात ‘अ‍ॅक्वाडोम’ नावाचे दंडगोलाकार अ‍ॅक्रिलिक मत्स्यालय होते. त्यात सुमारे दहा लाख लिटर पाणी आणि दीड हजार मासे होते. १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे ते अकस्मात फुटले. पहाटेची वेळ असल्याने दालनात गर्दी नव्हती आणि मोठी मनुष्यहानी टळली. मासे मात्र जवळजवळ सर्व मेले. तपासाअंतीही एक निश्चित कारण सिद्ध झाले नाही. सांधा निकामी होणे ही पुढे आलेल्या शक्यतांपैकी एक होती. जगातील निष्णात तंत्रज्ञांच्या हातून उभ्या राहिलेल्या टाकीची ही कथा आहे. मनुष्य धावून बाहेर पडू शकतो. पाण्यातील जीवाला पाण्याबाहेर कोठेही आसरा नसतो.

पाणी कोणाच्या वाट्याचे?

शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण आपल्याकडे धरले जाते. म्हणजे १,३५० लिटरची टाकी एकदा भरणे हा दहा माणसांचा एका दिवसाचा वाटा झाला. त्यानंतर दर आठवड्याला सुमारे पंचमांश पाणी बदलावे लागते, म्हणजे २७० लिटर. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घराने हा खर्च आधीच मान्य करायला हवा. काढलेले पाणी नायट्रेटयुक्त असल्याने बागेला उत्तम खत ठरते, एवढे समाधान आहे. नव्या पाण्यातील क्लोरीन निघून जाण्यासाठी ते दिवसभर उघडे ठेवून हवा द्यावी.

टाकी भरली म्हणजे घर तयार झाले असेही नाही. माशांच्या विष्ठेतून निघणारा विषारी अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतरित करणारे सूक्ष्म जीवाणू गाळणीत वाढावे लागतात. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. उद्घाटनाच्या दिवशीच मासे सोडण्याच्या घाईत असंख्य जीव नाहक मरतात. उन्हाळ्यात आणखी एक संकट असते. पाणी तापले की त्यातील विरघळलेला प्राणवायू घटतो आणि त्याच वेळी माशांची गरज वाढते. वीज गेल्यावर हवेचा पंप इन्व्हर्टरवर चालू राहील, ही सोय नसेल तर टाकी बांधूच नये.

मूळ प्रश्न

जैन कुटुंबात शेवटी प्रश्न येतो तो अहिंसेचा. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘बंध’ आणि ‘अन्नपाननिरोध’ यांची गणना केली आहे. जीवाला कोंडणे आणि त्याचे अन्नपाणी अडवणे या दोन्ही गोष्टी मत्स्यालयात क्षणोक्षणी संभवतात. म्हणून ज्या घराला हे पटत नाही, त्याने मासे न ठेवता केवळ पाणवनस्पतींचा जलाशय फुलवावा. तो कमी सुंदर दिसत नाही. ज्यांना मासे ठेवायचेच आहेत, त्यांनी प्रवाळद्वीपांतून पकडून आणलेले समुद्री मासे टाळावेत आणि संवर्धन केंद्रात वाढलेल्या गोड्या पाण्यातील जाती निवडाव्यात. जिवंत मासे खाणारे शिकारी मासे आणूच नयेत. बाजारातील बहुतेक खाद्यात माशांची भुकटी असते, हेही वेष्टन वाचून पाहावे. गोल्डफिश, मॉली यांसारखे मासे शैवालयुक्त खाद्य, वाफवलेला पालक आणि वाटाणाही खातात.

कंटाळा आल्यावर ‘जीवदया’ म्हणून मासे तलावात सोडण्याची कल्पना तर सर्वांत घातक आहे. मत्स्यालयांतून सुटलेल्या सकर माशाने भारतातील अनेक जलाशयांत मूळच्या जातींचे जीवन अवघड केले आहे. एकाला दिलेले जीवदान शेकडोंच्या जिवावर बेतते. तलावात सोडण्याऐवजी जाणकार पालक शोधावा.

मृगसेन धीवराची कथा जैन घरांना परिचित आहे. जाळ्यात प्रथम येणारा मासा सोडून देण्याचे व्रत त्याने मुनींकडून घेतले. तोच मासा त्या दिवशी पाच वेळा जाळ्यात आला. खूण म्हणून बांधलेली चिंधी पाहून त्याने पाचही वेळा तो सोडला आणि रिकाम्या हाताने घरी परतला. व्रत अगदी लहान होते. त्याची थोरवी पाळण्यात होती.

घरातील जलाशयाला हाच न्याय लागू पडतो. तीनशे लिटरची निगा निभावत असेल, तर तीनशे लिटरचीच टाकी बांधावी. काहीच निभावत नसेल, तर भिंत मोकळी ठेवावी. पाहुण्यांनी किती कौतुक केले, यावर त्या टाकीचे मोल ठरत नाही. मे महिन्यातील भर दुपारी, वीज गेलेली असताना, घरातील कोणी उठून त्या पाण्याकडे पाहिले की नाही, यावर ते ठरते.