टाकीखालची तोटी

शिळफाटा म्हटले की ठाणे-कल्याणकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे मुंब्र्याजवळचा, सदा तुंबलेला नाका उभा राहतो. हा तो नव्हे. हा खोपोलीचा शिळफाटा, खालापूर तालुक्यातला, बोरघाटाच्या पायथ्याचा. द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई आहे, त्यामुळे मुंबई-पनवेलकडून लोणावळ्याला निघालेली मोटारसायकल जुन्या महामार्गाने इथूनच जाते. पुढे शिंग्रोबाच्या देवळापर्यंत आणि त्याही वर चढ, वळणे, खालच्या गिअरमध्ये तापलेले इंजिन. गाडीत काही खोट असेल तर ती इथे, सपाटीवर असतानाच कळलेली बरी. त्यातली एक खोट दिसायला अगदी क्षुल्लक असते: टाकीतून पेट्रोल बाहेर आणणाऱ्या तोटीला गेलेली बारीक चीर. ही तोटी तुटली तर चिकटवून भागत नाही, ती बदलावीच लागते. आणि ती बदलता येण्याजोगी सुटी मिळत नसेल, तर तो दोष गॅरेजवाल्याच्या हाताचा नसून गाडी आखणाऱ्याच्या कागदाचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी जुनी तोटी पाहू, कारण चांगली तोटी कशी असते हे तिच्यावरून कळते. गॅरेजात तिला ‘पेट्रोल कॉक’ किंवा नुसते ‘कॉक’ म्हणतात. १९८५ ची सीडी १००, १९९४ ची स्प्लेंडर, जुन्या बुलेट, सगळ्यांच्या टाकीखाली ती लोंबत असे. काही गाड्यांत ती मोठ्या षटकोनी नटाने, काहींत दोन बोल्टांनी बसवलेली. तिच्या आत दोन वाटा. टाकीत उभी राहणारी नळी थोडी उंच, तिच्यातून रोजचे पेट्रोल येते. बुडाशी दुसरे भोक, ते ‘रिझर्व्ह’चे. गाडी आचके देऊ लागली की चालत्या गाडीवर डावा हात खाली घालून खटका फिरवायचा, ही सवय एका अख्ख्या पिढीच्या बोटांत होती. पेट्रोल दाखवणारा काटा नसला तरी कुणाचे अडत नसे. कॉकच्या खालची वाटी उघडून पाणी आणि गाळ ओतून टाकता येई. गळू लागली तर आतले रबरी वायसर बदलायचे; तेवढ्यानेही भागले नाही तर अख्खा कॉक नवा, तोही टपरीवजा दुकानात मिळणारा. म्हणजे जो भाग झिजणार हे ठाऊक होते, तो वेगळा काढता येईल असाच घडवलेला होता.

शिवाय त्या तोटीवर भार नावालाच होता. टाकी आणि कार्बोरेटर यांच्यात जेमतेम वीत-दीड वीत अंतर; तेवढ्या उंचीवरून पेट्रोल आपोआप उतरायचे. उंची आणि दाब यांचे नाते खोपोलीकरांना वेगळे सांगायला नको. वळवण, लोणावळा, शिरवटा या तलावांचे पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली नळांतून येते आणि १९१५ पासून टाटांच्या वीजकेंद्रातली चाके फिरवते. ते नळ जाड पोलादाचे आहेत, कारण उंचीच तेवढी आहे. कार्बोरेटरच्या गाडीला साधी रबरी नळी आणि तारेची क्लिप पुरे, कारण उंची वीतभर आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष आले आणि जवळजवळ सगळ्या नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन बसले. पेट्रोल आता आपोआप उतरत नाही. टाकीतला विजेचा पंप ते ढकलतो, बहुतेक गाड्यांत सुमारे ३ बार दाबाने. नुसत्या उंचीने एवढा दाब मिळवायचा तर टाकी बारा-तेरा मजली इमारतीच्या गच्चीवर नेऊन ठेवावी लागेल. पंप टाकीच्या बुडाला एका चकतीवर बसवलेला असतो आणि त्या चकतीतूनच प्लास्टिकचे करंगळीपेक्षा बारीक नाक बाहेर येते. गॅरेजात त्याला ‘नोझल’ म्हणतात. त्यावर नळीचे टोक खटकन बसते आणि एका छोट्या क्लिपने अडकते.

हे नाक तुटते कसे? बहुतेकदा चालवताना नव्हे, दुरुस्तीच्या वेळी. प्लग किंवा एअर फिल्टर पाहायला टाकी उचलली जाते, आणि क्लिपच्या दोन्ही बाजू दाबून नळी सोडवायच्या ऐवजी ती पिळून ओढली जाते. वर्षानुवर्षे इंजिनाच्या धगीवर राहिलेले प्लास्टिक आडव्या झटक्याला फार दाद देत नाही. कधी लगेच मोडते, कधी मुळाशी केसासारखी चीर पडते आणि गाडी पंधरा दिवसांनी घाटात गळू लागते. ही दुसरी तऱ्हा अधिक वाईट. ३ बारचे पेट्रोल थेंबथेंब गळत नाही, फवारते, आणि खाली तापलेले सिलिंडर असते. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. कोकणातला उन्हाळा तिला अजिबात लागत नाही.

मग लावले जाते एम-सील किंवा फेव्हिक्विक. कॉकच्या काळात टाकीला पडलेल्या भोकावर असले लेप महिनोन् महिने टिकले असतील, कारण आत दाबच नव्हता. नोझलचे प्लास्टिक मात्र ॲसिटल किंवा नायलॉनच्या जातीचे असते. पेट्रोलला ते जुमानत नाही म्हणूनच निवडलेले, आणि त्याच गुणामुळे गोंदालाही ते धरू देत नाही. त्यात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. ते बऱ्याच साध्या रबरांना आणि लेपांना हळूहळू मऊ करते. म्हणून चिकटवणे हा मार्गच नाही. नव्या गाडीला जुन्या कॉकची रबरी नळी लावणे हाही नाही. इंजेक्शनसाठीची जाड, दाबाची नळीच हवी.

रीतसर काम अवघड नाही, पण त्याला क्रम आहे. आधी पंपाची वायर सोडवायची आणि इंजिन सुरू ठेवून ते आपणहून बंद पडू द्यायचे, म्हणजे नळीतला दाब उतरतो. बॅटरीची ऋण तार काढायची. सांध्याभोवती फडके धरून क्लिप दाबायची आणि नळी सरळ रेषेत ओढायची. टाकी रिकामी करून उलटी केली की चकतीचे बोल्ट आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडेथोडे ढिले करायचे. बसवताना रबरी कडे नवेच, आणि बोल्ट मनगटाच्या जोराने आवळायचे, दंडाच्या नव्हे. इथपर्यंत शिळफाट्यावरच्या कुठल्याही जाणत्या मिस्त्रीला जमेल. अडते ते पुढे. नाक आणि चकती एकाच साच्यातून ओतलेली, चकतीला पंप जोडलेला, म्हणून बहुतेक मॉडेलांच्या सुट्या भागांच्या यादीत नाक नसतेच. असतो तो अख्खा पंप, काही हजारांचा. मूठभर प्लास्टिकसाठी धडधाकट पंप भंगारात.

यावर कंपन्यांची बाजू आहे आणि ती पोरकट नाही. जुने कॉक जस्ताच्या मिश्रधातूचे असत. पाणी ओढणारे इथेनॉल त्यांना आतून खाते, प्लास्टिक गंजत नाही. धातूचे नाक बसवले तर धक्का बसल्यावर ते मोडणार नाही खरे, पण तो झटका चकतीला जाईल आणि कदाचित चकतीच तडकेल. शिवाय दाबाच्या पेट्रोलचा सांधा रस्त्याकडेच्या गॅरेजात उघडावाच कशाला? तिन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. पण त्यातून एवढेच सिद्ध होते की नाक प्लास्टिकचे असावे आणि झटका त्यानेच सोसून मोडावे. विजेच्या फ्यूजचे कामही तेच असते. मात्र फ्यूज उडाला म्हणून कुणी अख्खे मीटर बदलत नाही. नाक आटे पाडून किंवा दोन स्क्रूंनी चकतीत बसवले, आत ओ-रिंग दिली, तर ते मोडेलही आणि बदलताही येईल. गॅरेजची भीती तर उलट्या बाजूने खरी आहे. सुटा भाग नसला की गाडी गॅरेजात जायची थांबत नाही, तिथे एम-सील लावून परत रस्त्यावर येते.

ही अडचण स्वस्त गाड्यांचीच आहे असेही नाही. ट्रायम्फच्या इंजेक्शनच्या सुरुवातीच्या गाड्यांचे टाकीखालचे प्लास्टिकचे सांधे इतके मोडत की मालक मंडळी धातूचे सांधे मिळवून बसवू लागली. बीएमडब्ल्यूच्या जुन्या बॉक्सर गाड्यांवरही हाच उद्योग चालला. म्हणजे सांधा वेगळा करता येत असेल तर बाजार आपोआप इलाज शोधतो. वेगळा नसला की बाजाराचेही हात बांधले जातात. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, त्याच वर्षअखेरीस पोर्टल उघडले आणि त्यात वाहन क्षेत्रालाही जागा दिली. दुरुस्तीच्या पुस्तिका आणि सुट्या भागांची माहिती तिथे मिळावी ही कल्पना चांगलीच आहे. परंतु जो भाग सुटा बनवलेलाच नाही, त्याची माहिती कितीही उघड केली तरी तो काउंटरवर मिळणार नाही. हक्काची सुरुवात पोर्टलच्या आधी, साच्याच्या आराखड्यापासून व्हायला हवी, आणि नव्या मॉडेलला मंजुरी देताना हे विचारायला कुणाची हरकत नसावी.

तोवर गाडीवाल्याच्या हाती थोडेच आहे. टाकी उचलणाऱ्या माणसाला क्लिप दाबून नळी काढायला सांगा, समोर उभे राहून पाहा, लाज वाटू देऊ नका. आणि घाट चढण्याआधी शिळफाट्यावर चहाला थांबलात तर इंजिन बंद करून जरा निवू द्या, मग टाकीच्या बुडाशी एकदा बोट फिरवा. बोटाला पेट्रोलचा वास आला तर किल्ली खिशात टाका आणि गाडी तिथेच ठेवा.