मुंबई ते लंडन : अंतर एक, वेळा अनेक

मुंबईहून लंडन किती दूर? प्रश्न पोरसवदा वाटेल, पण उत्तर देताना भल्याभल्यांची गाडी अडते.

माझी शाळा अर्धवट सुटली. भूगोल शिकलो तो वाचनालयात, आणि तेथल्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली की झाला मार्ग, असे समजत होतो. ती रेघ फसवी. पृथ्वीचा गोल घ्यावा, मुंबई आणि लंडन यांवर सुताची दोन टोके धरावीत व सूत ताणावे. ते कराचीजवळून, इराण, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन असे जाते. नकाशातल्या रेघेपेक्षा पुष्कळ उत्तरेकडून. लांबी भरते सुमारे ७,२०० किलोमीटर. जेट विमानाचा वेग ताशी ९०० धरला, तर आठ तास झाले.

वेळापत्रकात मात्र नऊ-दहा तास दिसतात. एक कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. समजा, ताशी १०० चा वारा समोरून आला, तर जमिनीच्या हिशेबाने वेग उरला ८०० आणि लागले नऊ तास. तोच पाठीशी असला, तर सव्वासात. म्हणून लंडनहून परतणारा लवकर पोचतो. दुसरे कारण माणसाचे. युक्रेनचे आकाश २०२२ च्या फेब्रुवारीत नागरी विमानांना बंद झाले. २०२५ च्या एप्रिलात पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. सूत सरळच आहे हो, पण विमानाला वळसा!

तरी आपण सुखी. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ ३५ उतारू घेऊन मुंबईहून निघाले, ते कैरो व जिनीव्हा येथे थांबत १० जूनला लंडनला उतरले.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. हा ‘वेळ’ मोजायचा कोठून? विमानव्यवहारात तो उड्डाणासाठी विमान जागचे हलले की सुरू होतो आणि पोचल्यावर ते उभे राहिले की संपतो. पण विमानातील सेवकवर्ग त्याच्या कितीतरी आधी हजर असतो. तपासणी करतो, उतारूंना बसवतो, सामान चढवू लागतो. पुष्कळ कंपन्यांत या वेळेचे वेतनच नसे. फाटकावर हजेरी कोणत्या मिनिटापासून धरायची, यावर आम्ही खाली जमिनीवर वर्षानुवर्षे भांडलो. तेच भांडण वर आकाशात आहे, हे मला फार उशिरा कळले. १६ ऑगस्ट २०२५ रोजी एअर कॅनडाच्या दहा हजारांहून अधिक सेवकांनी याच मुद्द्यावर संप केला. सरकारने कामावर परतण्याचा हुकूम काढवला, तो त्यांनी आधी मानला नाही. चौथ्या दिवशी समझोता झाला, आणि विमान उभे असतानाच्या कामालाही काही वेतन देण्याचे ठरले.