भाजलेल्या जखमेची पट्टी आणि बर्फाचा देश

भाजलेल्या जखमेची पट्टी बदलताना होणारा त्रास ज्याने सोसला, त्यालाच ठाऊक. वेदनाशामक औषध देऊनही लहान मुले किंचाळतात, ड्रेसिंगची वेळ जवळ आली की आधीपासूनच रडू लागतात. या वेदनेवर औषधाच्या जोडीला अमेरिकेतील सिएटल शहरात एक वेगळा उपाय करून पाहण्यात आला. तो म्हणजे व्हीआरचा, अर्थात व्हर्च्युअल रिॲलिटीचा चष्मा.

मॉलमध्ये किंवा जत्रेत डोळ्यांवर जाड चष्मा चढवून झोके खाणारी, मध्येच ओरडणारी मुले आपण पाहिली असतील. तोच हा व्हीआर. मान वळवली की समोरचे दृश्यही वळते आणि बाहेरचे काहीच दिसत नाही. टीव्ही आपण बाहेर बसून बघतो. इथे मात्र आपण चित्राच्या आतच आहोत, असे मेंदूला वाटते.

वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९० च्या दशकात हे काम सुरू केले. त्यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ नावाचा खेळ तयार करवून घेतला. रुग्ण बर्फाच्या दरीतून तरंगत जातो आणि पेंग्विनवर बर्फाचे गोळे फेकतो. तेवढ्या वेळात परिचारिका पट्टी बदलते.

वेदना कमी का होते? जखमेकडून मेंदूकडे संदेश जातच असतो. पण वेदना जाणवायला लक्षही लागते. मेंदूचे लक्ष खेळात गुंतले की वेदनेच्या वाट्याला ते कमी येते. पुढे निरोगी माणसांच्या मेंदूच्या तपासणीतही, व्हीआर चालू असताना वेदनेशी संबंधित भागांची हालचाल मंदावलेली दिसली. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने जुनाट कंबरदुखीसाठी ८ आठवड्यांच्या एका व्हीआर उपचाराला परवानगी दिली.

तरीही हे लक्षात ठेवा: व्हीआरने जखम भरत नाही आणि वेदनाशामकाची गरजही संपत नाही.

आपल्या दवाखान्यात असा चष्मा नसेल. पण त्यामागचे तत्त्व आपल्या हातात आहे. मुलाचे ड्रेसिंग चालू असताना डॉक्टरांना विचारून त्याच्याजवळ बसा. गोष्ट सांगा, गाणे म्हणायला लावा, मोबाईलवर त्याच्या आवडीचा खेळ द्या. नुसते बघण्यापेक्षा स्वतः काही करण्यात मन जास्त गुंतते. ‘रडू नकोस’ असे दटावून वेदना कमी होत नाही.

आणि मुळात कोणी भाजले तर जखमेवर नळाचे साधे वाहते पाणी २० मिनिटे सोडा. टूथपेस्ट, हळद, शाई, तेल काहीही लावू नका, बर्फही नको. फोड फोडू नका. स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखान्यात न्या.

गंमत म्हणून व्हीआर खेळणाऱ्यांसाठीही थोडे. डोळे सांगतात ‘मी धावतो आहे’, कानातील तोल सांभाळणारा भाग सांगतो ‘मी जागेवरच आहे’. या गोंधळामुळे मळमळ, चक्कर, डोकेदुखी होते. त्रास सुरू होताच चष्मा काढा, बसून राहा, लगेच गाडी चालवू नका. फिट येण्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खेळू नका. लहान मुलांना फार वेळ चष्मा लावू देऊ नका. तोच चष्मा अनेकांच्या डोळ्यांना लागतो, म्हणून तो पुसून घेतल्याशिवाय लावू नका. डोळे आलेले असतील तर अजिबात नको.