बाबा घरीच असतात ना!

रिटायर झालेल्या माणसाकडे वेळच वेळ असतो, असं आपण सगळे धरून चालतो. भाईंदरच्या केबिन रोडवर एक चक्कर मारली आणि कळलं, की ऑफिसमधून सुटलेल्यांनाच घरी सुट्टी मिळत नाहीये!

आमच्या सोसायटीतल्या एका काकांचा हा फेव्हरिट जोक. 'नोकरीत शेवटपर्यंत केबिन मिळाली नाही, पण रिटायर झालो आणि अख्खा केबिन रोड मिळाला!'

जोक कळायला भाईंदर पूर्वेला, केबिन रोडवर सकाळी नऊनंतर यायला हवं. साडेआठपर्यंत हा रस्ता आपला असतो. पाठीवर लॅपटॉपची सॅक, तोंडात अर्धी पोळी, कानात इअरफोन आणि स्टेशनच्या दिशेने धूम. नऊनंतर शिफ्ट बदलते. हातात कापडी पिशवी, खिशात विजेचं बिल, गळ्यात चष्म्याची दोरी. रस्त्याचा ताबा रिटायर मंडळींकडे जातो.

आणि ही मंडळी पाय मोकळे करायला आलेली नसतात, बरं का! एक आजोबा नातवाला शाळेत सोडून परतताहेत आणि जाताजाता सुनेचा ब्लाउज टेलरकडे टाकताहेत. दुसरे बँकेच्या लाइनीत. तिसरे इस्त्रीवाल्याशी हुज्जत घालताहेत, कारण शर्ट मुलाला आजच्या आज हवाय. 'काय काका, आराम ना?' असं कुणी विचारलं की तिघांचंही उत्तर एकच. 'कसला आराम! वेळच पुरत नाही.'

पूर्वी मला हे ऐकून हसू यायचं. माझे बाबा रिटायर होईपर्यंत.

एक जूनवाले बाबा

आमच्या बाबांचा कागदोपत्री वाढदिवस 1 जून. खरा कधी, ते आजीलाही नक्की सांगता यायचं नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, त्यामुळे मुलाला शाळेत घालताना हेडमास्तरच 1 जून लिहून टाकायचे. महाराष्ट्रात या तारखेचे इतके आजी-आजोबा आहेत ते त्यामुळेच. सरकारी नियम असा, की वाढदिवस एक तारखेचा असेल तर माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून 31 मे म्हटलं की सरकारी ऑफिसांमध्ये शाल, श्रीफळ आणि समोसे यांचा नुसता पाऊस!

बाबांचाही गेल्या वर्षी 31 मेलाच सेंड-ऑफ झाला. केंद्र सरकारच्या ऑफिसमध्ये, साठाव्या वर्षी. (1998पर्यंत हे वय 58 होतं.) माझा जन्म झाला त्याच वर्षी त्यांनी भाईंदरला फ्लॅट घेतला आणि तेव्हापासून रोज भाईंदर ते चर्चगेट. 43 किलोमीटर जायचं, 43 यायचं.

मी सहज कॅल्क्युलेटर काढला. दारापासून दारापर्यंत रोजचे तीन तास. वर्षाचे कामाचे 240 दिवस. लॉकडाऊनचा काळ सोडला तर 27 वर्षं. झाले 19,440 तास, म्हणजे पूर्ण 810 दिवस. माझ्या बाबांनी आयुष्यातली दोन वर्षं आणि अडीच महिने लोकलमध्ये आणि प्लॅटफॉर्मवर काढले होते! आता तो सगळा वेळ त्यांचा स्वत:चा होणार. मस्तच की!

पण पहिल्या महिन्यात झालं भलतंच. बाबा पहाटे पाचला उठायचे, आंघोळ करून तयार व्हायचे आणि खिडकीत येऊन बसायचे. आमच्या घरी गाड्यांचा आवाज येतो. नेहमीची चर्चगेट फास्ट धडधडत गेली की ते घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, 'आज चार मिनिटं लेट.' बस्स. त्यानंतर दिवसभर काय बोलायचं, हा त्यांना प्रश्नच.

नोकरी गेल्याचं दु:ख त्यांना फारसं नव्हतं. दु:ख होतं गाडीतल्या ग्रुपचं. चौथ्या सीटवर सरकून जागा देणारे, वाढदिवसाला पेढे वाटणारे, आजारपणात फोन करणारे ते सगळे. ज्यांच्याशी रोज सव्वा तास गप्पा मारल्या, त्यांच्यातल्या निम्म्यांचं पूर्ण नावही बाबांना ठाऊक नव्हतं. गाडी सुटली आणि ग्रुपही सुटला.

घरचा नवा शिपाई

मग आम्हीच त्यांना 'बिझी' करायचं ठरवलं. आम्ही म्हणजे मुख्यत: मी.

कुरिअर येणारेय? बाबा घरीच असतात ना! गॅसवाला येणारेय? बाबा आहेत. माझा चेक भरायचाय, मोबाइलची स्क्रीन बदलून आणायचीय, आत्याला सोडायला बोरिवलीला जायचंय, सोसायटीच्या टाकीच्या कामावर कुणीतरी उभं राहायचंय... बाबा! दादाने पुण्याहून फोनवर हुकूम सोडला, 'बाबांना म्हणावं, माझ्या पीएफचं जरा बघून या.' शेजारच्या वहिनींनी तर किल्लीच आणून ठेवली. तुम्ही घरीच असता ना, काका!

तीन महिन्यांत बाबा ऑफिसच्या दिवसांपेक्षा जास्त बिझी झाले. मी खूश. 'बघा, कसे ॲक्टिव्ह आहेत!' असं मैत्रिणींना सांगत सुटले. नोव्हेंबरमध्ये पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बाबा बँकेत गेले. पेन्शनरला दर वर्षी आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. मशिनवर बोट ठेवून, अंगठ्याचा ठसा जुळवून घरी आले आणि शांतपणे म्हणाले, 'मशिन म्हणतंय मी जिवंत आहे. मला मात्र तीन दिवसांत पेपर उघडायला झालेला नाही.'

त्या वाक्याने मी जरा हलले. बाबा बिझी होते, पण त्यातलं एकही काम त्यांचं नव्हतं. पूर्वी निदान साहेब एकच होता. आता घरातला आणि बिल्डिंगमधला प्रत्येकजण साहेब झाला होता. आणि सगळ्यात मोठी साहेब मी!

पंचवीस वर्षांची सुट्टी

मग मी त्या केबिनच्या जोकवाल्या काकांना गाठलं. ते बँकेतले. 2000-01मध्ये सरकारी बँकांनी व्हीआरएस आणली होती. 15 वर्षं नोकरी झालेली किंवा वय 40च्या पुढे असलेली मंडळी त्यासाठी पात्र होती. देशभरात सुमारे लाखभर कर्मचारी तेव्हा बाहेर पडले. काका त्यांतलेच एक. आज त्यांच्या निवृत्तीला जवळपास नोकरीइतकीच वर्षं झालीयत. यांच्याहून मोठा एक्स्पर्ट कुठे मिळणार?

'पहिली दोन वर्षं मीसुद्धा सगळ्यांचा गडी होतो,' काका म्हणाले. मग त्यांनी एक साधी वही केली. मधोमध रेघ. डावीकडे 'लोकांची कामं', उजवीकडे 'माझी कामं'. एका आठवड्यात डावी बाजू भरून वाहिली. उजवीकडे दोनच नोंदी होत्या, 'केस कापले' आणि 'डॉक्टर'.

तेव्हापासून ते उजवी बाजू आधी भरतात. सकाळी जेसल पार्कला खाडीकाठी चालणं, आठवड्यातून दोनदा कॅरम, रोज दुपारी एक तास दार लावून वाचन. उरलेला वेळ लोकांना. 'अगं, नाही म्हणायला ऑफिसमध्ये रजेचा अर्ज होता. घरी तो कुणाकडे देणार? म्हणून आपली रजा आपणच मंजूर करायची.'

बीएसएनएल-एमटीएनएलच्या व्हीआरएसमध्ये तर 31 जानेवारी 2020 या एकाच दिवशी 92 हजारांवर कर्मचारी निवृत्त झाले. त्यांतले कितीतरी जण पन्नाशीतले. आणि आठ आठवड्यांच्या आत लॉकडाऊन! निवृत्तीतली फिरण्याबिरण्याची स्वप्नं, सगळं दाराच्या आत. 'एवढ्या लवकर सुटलात आणि उजवी बाजू कोरी असेल,' काका म्हणाले, 'तर पुढची वर्षं फार लांब वाटतात.'

मॉर्निंग वॉकच्या हास्य क्लबला आपण तरुण मंडळी हसतो. पण 1995मध्ये डॉ. मदन कटारियांनी अंधेरीच्या लोखंडवालात पाच जणांना घेऊन पहिला हास्य क्लब सुरू केला आणि ती कल्पना जगभर पोहोचली. त्यात व्यायाम आहेच. पण काकांच्या मते खरी गंमत वेगळी आहे. 'सकाळी सहाला कुणीतरी आपली वाट बघतंय आणि आपण गेलो नाही तर फोन येतोय. याच्यासाठी जायचं. हसणं बोनस!' थोडक्यात काय, तर गाडीतला ग्रुप, फक्त गाडीशिवाय.

आईचं प्रमोशन

हे सगळं मी उत्साहाने घरी येऊन सांगत होते. आई भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, 'तुझे बाबा रिटायर झाले आणि माझं प्रमोशन झालं. पूर्वी चहा दोनदा व्हायचा, आता पाचदा होतो.'

बोलती बंद!

2019च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेचा आकडा मला माहीत होता. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात. असं काम करणारे पुरुष, 97 मिनिटं. कॉलेजच्या प्रोजेक्टला हा आकडा मी पाय चार्ट काढून वापरलाही होता. पण 299 मिनिटं म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातली आई, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. बाबांना निदान शाल-श्रीफळ मिळालं. आईच्या कामाला 31 मे नाही. तिच्या वहीला उजवी बाजूच नाही.

त्या रात्री जेवताना आमच्याकडे चक्क मीटिंग झाली. मिनिट्स मी लिहिले. ठराव एक : मंगळवार बाबांचा. ठराव दोन : गुरुवारी दुपारी दोन ते सहा आई घरी 'नाही', मग ती झोपो, मैत्रिणीकडे जावो की नाटकाला. त्या दिवशीचा चार वाजताचा चहा बाबांचा. ठराव तीन : माझं कुरिअर मी बघणार. (हा ठराव दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर!)

नायगाव, पुढचं स्टेशन

मंगळवारी करायचं काय, हे बाबांना दोन मंगळवार सुचलं नाही. तिसऱ्या मंगळवारी ते अकरा वाजता स्टेशनवर गेले आणि विरार गाडीत बसले. संध्याकाळी आले ते लहान मुलासारखे.

'तुला माहितीये, इतक्या वर्षांत मी भाईंदरच्या पुढे कामाशिवाय कधी गेलोच नव्हतो. गाडी माझ्या डोळ्यांदेखत पुढे जायची, पण आपलं स्टेशन आलं की उतरायचं!' खाडीवरच्या पुलावरून दिसणारं पाणजू बेट त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं, कारण पहिल्यांदाच विंडो सीट होती आणि उतरायची घाई नव्हती.

आता मंगळवारची मोहीमच झालीय. वसईचा किल्ला झाला, 1739मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून घेतलेला. नालासोपाऱ्याचा बौद्ध स्तूप झाला. भगवानलाल इंद्रजींनी 1882मध्ये तो खणून काढला, हे बाबांनीच मला ऐकवलं. रोज डोक्यावरून गाडी जाते तिथून दोन-तीन स्टेशनांवर एवढं सगळं होतं आणि आम्ही वीकएंडला मॉलमध्ये जात होतो! गाडीतल्या जुन्या ग्रुपमधले दोघेजण परत सापडलेत, आता पूर्ण नावानिशी. त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुपही आहे.

आईच्या गुरुवारचं मात्र मी सांगू शकत नाही. ती कुठे जाते ते सांगत नाही. 'माझा वेळ आहे ना? मग!' एवढंच म्हणते. बाबांचा चहा अजून थोडा पाणचटच होतो.

रिहर्सल आजपासून!

तुम्ही म्हणाल, आमच्या रिटायरमेंटला अजून तीस वर्षं आहेत. असू देत. पण वहीची उजवी बाजू साठीला एकदम भरत नाही. म्हणून काकांच्या आणि बाबांच्या अनुभवातून, फुकटात :

* आठवड्यातला एक तास आजच बुक करा. ऑफिसच्या मीटिंगसारखाच तो हलवायचा नाही.

* गाडीतल्या मित्रांचं पूर्ण नाव आणि नंबर घ्या. आजच.

* नोकरीशी संबंध नसलेली एक तरी गोष्ट शिकत राहा. व्हिजिटिंग कार्ड संपतं, पेटी वाजवता येणं संपत नाही.

* घरच्या रिटायर माणसाला काम सांगण्याआधी विचारा, 'आज तुमचा काय प्लॅन आहे?' आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

* आईची निवृत्तीची तारीख कुणीच ठरवलेली नसते. निदान एक दुपार तरी ठरवा.

परवाच्या मंगळवारी माझी डेडलाइन होती आणि नेमकं त्याच दिवशी एक पार्सल येणार होतं. कुरिअरवाल्याचा फोन आला. 'मॅडम, घरी कुणी आहे का?' सवयीने तोंडातून निघणारच होतं... मग जीभ चावली आणि त्याला पार्सल खाली वॉचमनकडे ठेवायला सांगितलं.

मंगळवार होता. बाबा घरी नसतात ना!