'स्टिकी विकेट'वर उभं राहताना

लंडनच्या साहेबांशी फोनवर बैठक चालू असते आणि ते मध्येच म्हणतात, 'वुई आर ऑन अ स्टिकी विकेट हिअर.' शब्दकोशात स्टिकी म्हणजे चिकट, विकेट म्हणजे यष्टी. चिकट यष्टी? अर्थ लागत नाही, कारण इथे विकेट म्हणजे खेळपट्टी. आणि ती नुसती ओली नव्हे.

शेतकऱ्याला हे चटकन कळेल. पाऊस उघडून कडक ऊन पडलं की वावरात वर खपली धरते, पाय ठेवला की खाली चिखल. पूर्वी खेळपट्ट्या झाकत नसत, तेव्हा त्यांचीही हीच गत व्हायची. चिंब भिजलेल्या खेळपट्टीवर चेंडू मंद यायचा, फलंदाज निभावून न्यायचा. घात व्हायचा तो ऊन लागल्यावर. एक चेंडू टप्पा पडताच छाताडावर उसळायचा, पुढचा तिथूनच भलतीकडे वळायचा. पूर्ण वाळली की पुन्हा सगळं सुरळीत.

डिसेंबर 1950, ब्रिस्बेन, ऑस्ट्रेलिया-इंग्लंड सामना. शनिवारचा खेळ पावसाने धुऊन नेला. सोमवारी त्या खेळपट्टीवर 130 धावांत 20 बळी पडले. इंग्लंडने 7 बाद 68 वर डाव सोडला, का तर ऑस्ट्रेलियाला त्याच चिखलात उतरवायचं होतं. ऑस्ट्रेलियानेही 7 बाद 32 वर डाव सोडून तेच केलं. शेवटी इंग्लंडचा लेन हटन 62 धावांवर नाबाद राहिला आणि इंग्लंड 70 धावांनी हरलं.

वाक्प्रचाराचा जीव मला इथे दिसतो. खेळाडू वाईट नसतो, पायाखालची जमीन दगा देते. म्हणून मुद्दा लंगडा असलेल्याला ब्रिटिश माणूस बजावतो, 'यू आर ऑन अ स्टिकी विकेट', म्हणजे हे निभावून नेणं तुम्हाला अवघड जाईल. आजारपणाला किंवा घरातल्या दुःखाला मात्र हे शब्द लावू नयेत, कानाला फार उथळ लागतात.

'इकडे आड, तिकडे विहीर' हा त्याचा प्रतिशब्द नव्हे. तिथे दोन वाटा असतात आणि दोन्ही वाईट. इथे वाट एकच, आणि तीही भरवशाची नाही. 'पंचाईत झाली' किंवा 'बाजू लंगडी आहे' हे त्यातल्या त्यात जवळचं. भाषांतर करणाऱ्यांनो, 'चिकट खेळपट्टी' तेवढी लिहू नका.