व्हॉल्व्ह शेवटी, स्पीकर आधी

घरी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बांधायचा बेत ठरला की पहिला प्रश्न हमखास येतो: आउटपुटला कोणता व्हॉल्व्ह लावू? ईएल८४, ६व्ही६, ईएल३४ की थेट केटी८८? माझ्या मते इथेच विचाराचं टोक उलटं धरलं जातं. आउटपुट व्हॉल्व्ह एकटा काहीच करत नाही. त्याच्या एका बाजूला पॉवर सप्लाय असतो, दुसऱ्या बाजूला आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि त्यापलीकडे स्पीकर. निवड स्पीकरपासून सुरू करून मागे मागे यायला हवं. या विषयातले बहुतेक गैरसमज व्हॉल्व्हपासून सुरुवात केल्यामुळे होतात.

मोठा व्हॉल्व्ह म्हणजे मोठा आवाज, हा त्यातला सगळ्यात पक्का समज. ईएल८४ची एक नळी क्लास ए मध्ये सुमारे ५.७ वॉट देते. ईएल३४ची जोडी पुश-पुलमध्ये सहसा ३५ वॉटच्या आसपास देते. कागदावर हा सहापट फरक आहे, कानाला तो जेमतेम ८ डेसिबल पडतो. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. उलट स्पीकरकडे पाहा. एका वॉटला एक मीटरवर ८४ डेसिबल देणारा स्पीकर काढून ९० डेसिबलवाला ठेवला, तर अ‍ॅम्प्लिफायरची ताकद चौपट केल्याइतका फायदा होतो, तोही एकही व्हॉल्व्ह न बदलता. अशा स्पीकरवर ईएल८४चे पावणेसहा वॉट एक मीटरवर ९७ डेसिबलच्या पुढे जातात. बैठकीच्या खोलीत गाणं ऐकायला ते पुरतं. स्पीकर कमी संवेदनशील असेल किंवा हॉल मोठा असेल, तेव्हाच ईएल३४ आणि केटी८८चा विचार करावा.

दुसरा समज जास्त धोक्याचा: सॉकेट बसलं म्हणजे व्हॉल्व्ह चालला. ६व्ही६, ६एल६, ईएल३४ आणि केटी८८ ही चारही मंडळी आठ पिनांच्या एकाच ऑक्टल सॉकेटात बसतात. पण ६व्ही६चा हीटर ०.४५ अँपिअर घेतो आणि ईएल३४चा १.५. स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये चार ६व्ही६ असतील तर हीटरचा भार १.८ अँपिअर होतो. तिथे चार ईएल३४ खोचल्या की तो ६ अँपिअरवर जातो आणि मेन्स ट्रान्सफॉर्मर भाजून निघतो. शिवाय ईएल३४ची पहिली पिन सप्रेसर ग्रिडची आहे, ती बाहेरून कॅथोडला जोडावी लागते. ६एल६च्या सॉकेटवर ती बहुधा मोकळी असते किंवा वायरिंगला टेकू म्हणून वापरलेली असते. बायस आणि लोड वेगळे, हा मुद्दा आणखी निराळाच. एक व्हॉल्व्ह काढून दुसरा लावण्याआधी दोघांच्या डेटाशीट शेजारी शेजारी ठेवून वाचणं याला पर्याय नाही.

आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण बांधणारे सगळ्यात कमी पैसे इथे घालतात आणि आवाज सगळ्यात जास्त इथेच बिघडतो. व्हॉल्व्हला हजारो ओहमचा लोड हवा असतो, स्पीकर असतो ८ ओहमचा. ट्रान्सफॉर्मर या दोघांची गाठ घालून देतो. एकट्या ईएल८४ला २५० व्होल्टवर सुमारे ५,२०० ओहम लागतात. म्हणजे ५,२०० भागिले ८, त्याचं वर्गमूळ, साधारण २५.५ एवढं वेढ्यांचं गुणोत्तर. याच ट्रान्सफॉर्मरच्या ८ ओहमच्या टोकाला ४ ओहमचा स्पीकर जोडला की व्हॉल्व्हला २,६०० ओहमच दिसतात. ताकद घटते, विकृती वाढते आणि दोष व्हॉल्व्हच्या माथी मारला जातो.

जुन्या बाजारातून रेडिओ आणायचा, त्यातला ट्रान्सफॉर्मर काढून वापरायचा, ही युक्ती पुष्कळ जण करतात. व्हॉल्व्हच्या रेडिओतली ईएल८४ खरोखर चांगली निघू शकते. पण त्यातला ट्रान्सफॉर्मर रेडिओच्या लहान स्पीकरपुरताच बनवलेला असतो. ४० हर्ट्झपर्यंतचा खालचा सूर नीट यायला ५,२०० ओहमच्या प्रायमरीला सुमारे २० हेन्री इंडक्टन्स हवा, आणि त्यासाठी भरपूर लोखंड आणि भरपूर वेढे लागतात. तबल्याचा डग्गा घुमत नसेल तर कारण बहुधा इथे सापडतं. वाइंडरकडून नवा ट्रान्सफॉर्मर करून घेताना सिंगल-एंडेड की पुश-पुल हे स्पष्ट सांगा. सिंगल-एंडेडमध्ये प्रायमरीतून सतत डीसी वाहतो, म्हणून गाभ्यात हवेची फट ठेवावी लागते. पुश-पुलमध्ये दोन अर्ध्यांचा डीसी एकमेकांना काटतो, तिथे फट लागत नाही. पुश-पुलचा ट्रान्सफॉर्मर एकट्या व्हॉल्व्हला लावला तर गाभा संपृक्त होतो आणि खालचे सूर जातात.

ट्रायोडच शुद्ध, पेंटोड हलका, हेही फार ऐकू येतं. त्यात तथ्याचा अंश आहे. २ए३ या ट्रायोडचा अंतर्गत रोध ८०० ओहम, ईएल८४ या पेंटोडचा ३८,००० ओहम. त्यामुळे फीडबॅक नसेल तर पेंटोडला स्पीकरच्या पडद्यावर ताबा ठेवता येत नाही. पण १९४७मध्ये विल्यमसन या अभियंत्याने केटी६६ ट्रायोडसारखी जोडून आणि फीडबॅक देऊन दाखवली. पुढे १९५१मध्ये हॅफलर आणि केरोस यांनी स्क्रीन ग्रिड प्रायमरीवर काढलेल्या टॅपला जोडायची अल्ट्रालिनियर पद्धत मांडली. म्हणजे पेंटोडचे दोष आवरायचे मार्ग सत्तर वर्षांहून जुने आहेत. ट्रायोडची किंमत मात्र कोणी आधी सांगत नाही: २ए३ सुमारे ३.५ वॉटच देते आणि तेवढ्यासाठी तिच्या ग्रिडला ४५ व्होल्ट बायस आणि तितकाच दमदार ड्रायव्हर लागतो. ईएल८४चं काम ७.३ व्होल्टवर भागतं. पहिलाच अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्याला मी ईएल८४ किंवा ६व्ही६ सुचवेन.

‘जुना तो सोन्याचा’ हे निम्मंच खरं. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा किंवा फिलिप्सचा न वापरलेला व्हॉल्व्ह मिळाला तर आनंदच, पण तो टेस्टरवर पाहून घ्या. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर हवा शिरली, तो व्हॉल्व्ह गेला. जुळवलेली जोडी हीसुद्धा ज्या व्होल्टेजवर जुळवली तिथेच जुळते. म्हणून प्रत्येक कॅथोडला १० ओहमचा रेझिस्टर घालून स्वतः मोजा. मीटरवर ४०० मिलिव्होल्ट दिसले तर ४० मिलिअँपिअर वाहतात, आणि त्यात स्क्रीनचा करंटही धरलेला असतो.

राहिली प्रकाशाची गोष्ट. हीटरची नारिंगी धग ठीक. काचेच्या आतल्या बाजूची निळी झाकही निरुपद्रवी. पण प्लेट लाल होणं म्हणजे व्हॉल्व्ह जळण्याच्या वाटेवर. ईएल८४च्या प्लेटला १२ वॉटच पेलतात, आणि मेन्स २३०चे २५३ झाले की आतलं प्रत्येक व्होल्टेज त्याच प्रमाणात चढतं. प्लेट लाल दिसली की लगेच बंद करा, कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला. आधी कपलिंग कपॅसिटर गळतो का बघा. तो धड असेल तर ग्रिडचा रेझिस्टर तपासा: ईएल८४ला कॅथोड बायस असेल तर १ मेगओहमपर्यंत चालतो, फिक्स्ड बायसला ३०० किलोओहमच्या वर जाऊ नये.